हात तिच्याकडे

३ मार्च, सोमवार

ही वही चष्मिषनं आणून दिली. म्हणाली, "तुझ्या पोटात काही राहत नाही आणि आपल्या कामात बाहेर काही बोलता येत नाही. लिहून टाक, नाहीतर एक दिवस फुटशील."

खरं आहे तिचं. दुभाष्यानं ऐकलेलं तिथंच सोडून यायचं असतं. आणि मी जन्माची बडबडी. आईबाबा दोघंही बहिरे, घरात आवाज करणारी मी एकटीच, त्यामुळे सगळ्या घराच्या वाट्याचं बोलणं माझ्याच तोंडी आलं. आईनं मला खुणेचं नाव ठेवलं तेही तसंच, ओठांपुढे चोचीसारखी उघडमीट करणारी बोटं. बडबड.

आज कोर्टातून निरोप आला. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना आपसात लग्न करता यावं का, यावर मोठा खटला उभा आहे आणि त्यातली एक याचिकाकर्ती बहिरी आहे. तिच्यासाठी आम्हा दोघींची नेमणूक झाली. दोघींची, कारण हे काम जोडीनंच करतात. एकीचे हात आणि डोकं थकलं की दुसरी उठते. बसलेलीनं उभी असलेलीवर कान आणि डोळा ठेवायचा, काही सुटलं तर हळूच टोकायचं. चष्मिष माझी जोडीदारीण किती वर्षांची, ते मोजायचं आम्ही कधीच सोडून दिलंय.

माझं मत? दुभाष्याला मत नसतं. बहिरा माणूस "मी" म्हणाला की आम्हीही "मी"च म्हणतो. आजवर मी इस्पितळात "मला कळा सुरू झाल्यात" म्हटलंय, कोर्टात "मी चोरी केलेली नाही" म्हटलंय, आणि एकदा चौकीत एका पैलवानाच्या वतीनं "माझी बायको मला मारते" म्हटलंय. तिथला हवालदार कीव येऊन माझ्याकडेच बघत बसला. तोंड माझं, माणूस दुसरा. सवयीनं काही वाटेनासं होतं.

८ मार्च, शनिवार

वकीलबाईंच्या कचेरीत पहिली बैठक. खुर्च्यांवर फायली बसलेल्या, माणसं उभी. याचिकाकर्तीचा पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. हसली की गालावर खळी पडते, म्हणून बहिऱ्यांच्या मंडळात तिचं नाव गालात फिरवलेलं बोट. खळी. तिच्याबरोबर राहणाऱ्या बाई ऐकणाऱ्या आहेत, शहराची बस चालवायच्या. खुणा त्या खळीकडूनच शिकल्या. व्याकरणाच्या नावानं बोंब. हात असे हलवतात की समोरच्यानं गाडी बाजूला घ्यावी. खळी म्हणाली, म्हणजे मी म्हणाले, "भांडताना तर ही मला नुसता ब्रेक दाखवते." वकीलबाईंना हसू आवरेना.

नंतरचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. गेल्या वर्षी ड्रायव्हरबाईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला. इस्पितळाच्या दारात खळीला विचारलं, नातं काय? तिनं कागदावर लिहून दिलं, "एकत्र राहतो." त्यावर त्यांनी ड्रायव्हरबाईंच्या भावांना बोलावलं. भावांनी सह्या केल्या आणि बहिणीला आपल्या घरी घेऊन गेले. खळीला फोनवर बोलता येत नाही, मेसेजना कुणी उत्तर देईना. बाई जिवंत आहे की गेली, हे कळायला सगळा हिवाळा गेला. अखेर ड्रायव्हरबाईच काठी टेकत परत आल्या. आता बस चालवत नाहीत, डेपोत बसतात. डॉक्टर म्हणतात, असं पुन्हा होऊ शकतं. खळीचं मागणं एवढंच आहे की पुढच्या वेळी मला दाराबाहेर उभं करू नका.

परतताना बसमध्ये चष्मिषनं पर्समधलं मलम काढलं, माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि मनगट चोळत बसली. हे आमचं रोजचंच. खुणा करणाऱ्यांची मनगटं लवकर जातात. ती चोळत असते तेव्हा मी तोंडानंही बोलत नाही, हे मात्र नवल. इतर वेळी माझं तोंड बंद करायला आख्खं खातं लागतं.

१३ मार्च, गुरुवार

टीव्हीवर रोज कोंबड्यांची झुंज. एक म्हणतो संस्कृती बुडेल, दुसरा म्हणतो माणुसकी बुडेल, आणि निवेदक दोघांनाही बुडवून जाहिराती दाखवतो. मंत्री म्हणाले, हे कायदेमंडळाचं काम, कोर्टाचं नव्हे. विरोधी पक्ष म्हणाला, आमचा अभ्यास चालू आहे.

दुपारी दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, आमच्या घराण्यातला एकुलता एक पुढारी. कोर्टाबाहेर विरोधाच्या घोषणा देणाऱ्यांत हा पुढे.

"अगं, तू त्या खटल्यात आहेस म्हणे?"

"मी खटल्यात नाही, दादा. मी नुसतं तोंड आहे."

"तेच म्हणतोय. सगळे नातेवाईक बघणार आहेत. तुझ्या तोंडून तसलं काही ऐकायची वेळ आणू नकोस. जरा सांभाळून घे."

"यात सांभाळायचं काय असतं? ती म्हणेल ते बोलायचं."

"तू शहाणी आहेस," म्हणाला आणि फोन ठेवला. शहाणी आहेस म्हणणाऱ्यापासून माणसानं सावध राहावं.

कुणाचा फोन, आईनं विचारलं. सांगितलं. तिनं भाजी चिरायची थांबवली, हात पुसले. ओल्या हातांनी बोलणं तिला तोंडात घास ठेवून बोलल्यासारखं वाटतं. म्हणाली, "माझं लग्न ठरताना तुझे आजोबा, त्यांचे भाऊ, शाळेचे मास्तर, सगळे बैठक घालून बसले होते. दोन बहिऱ्यांचं लग्न कसलं? पोरं बहिरी निपजतील. घरात चोर शिरला तर कळेल कसं? आम्ही दोघं समोर बसून त्यांचे ओठ बघत होतो. आमच्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं. तू नव्हतीस तेव्हा."

मग लगेच, "तुझी येणार आहे का जेवायला?" तुझी म्हणजे चष्मिष. मंडळात तिचं खुणेचं नाव नाकावरचा चष्मा वर सारणं असं आहे, पण आई ते कधीच वापरत नाही. माझ्या छातीकडे बोट करते की झालं. वय झालं, हात आळसावलेत.

१८ मार्च, मंगळवार

झालं एकदाचं. पाच न्यायमूर्ती, कॅमेरे, माणसांची ही गर्दी. सहसा असं होत नाही, पण मधल्या न्यायमूर्तींनी थेट खळीलाच विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं एकत्र राहताच आहात. मग विवाहानं वेगळं काय होणार?"

खळी उभी राहिली. पाळी माझी होती. तिनं पुष्कळच सांगितलं. घरगुती तपशील फार होते, कोर्टाच्या उपयोगाचे नव्हते, म्हणून मी जरा आटोपशीर केलं. म्हटलं, त्या म्हणतात की आम्ही एकमेकींना मदत करतो, आजारपणात एकमेकींची काळजी घेतो, म्हणून कायद्याची मान्यता हवी. मुद्दा पोचला.

दादा समोरच्या बाकांवर बसला होता. नंतर जिन्यात गाठून त्यानं माझी पाठ थोपटली. चष्मिषनं टोकलं नाही, म्हणजे ठीकच झालं असणार. येताना ती मलम काढायचं विसरली. माझा घसा बसलाय. गरम पाणी पिऊन पडते.

२० मार्च, गुरुवार

आज सरकारी वकिलांचं भाषण. पुन्हा माझीच पाळी, या वेळी उलट दिशेनं, म्हणजे ते बोलणार आणि मी खळीला खुणांनी सांगणार.

माणूस गोड बोलणारा. म्हणाले, "मी आमच्या बाजूचं काही सांगतच नाही. याचिकाकर्तीचेच शब्द वाचतो." आणि वाचलं. मदत करतो. काळजी घेतो. "हे ऐकून मला आनंदच झाला. माझी शेजारीणही मी आजारी पडलो की सूप आणून देते. म्हणून मी तिच्याशी विवाह करावा असं तिला किंवा माझ्या पत्नीला वाटत नाही." हशा पिकला. उजवीकडचे न्यायमूर्ती मान हलवून काहीतरी लिहून घेत होते.

हे सगळं माझ्या हातांनी खळीला सांगितलं. तिच्या भुवया वर गेल्या. तिनं मलाच विचारलं, "मी असं कधी म्हटलं?"

तिनं हातांनी काही विचारलं की ते मोठ्यानं कोर्टाला ऐकवायचं, हा नियम. पण त्याआधीच वकीलबाईंनी तिला बसून राहायची खूण केली. मी त्या खुणेच्या आड लपले. तिचा प्रश्न माझ्या घशात ठेवला आणि पुढच्या वाक्याच्या खुणा करत राहिले. हात व्यवस्थित चालत होते. हातांना काही लाज नसते.

२३ मार्च, रविवार

आई तीन दिवस मंडळात गेली नव्हती, आज गेली. तिथं सुनावणीचं चित्रण पुन्हा लावलं होतं. पडद्याच्या एका कोपऱ्यात खळीचे हात, खाली माझे शब्द अक्षरांत धावतात. ऐकणाऱ्या जगाला फक्त अक्षरं कळली. मंडळातल्या सगळ्यांनी दोन्ही वाचलं. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? बहिऱ्या आईबापांची मुलगी मी, आणि समजले काय, तर ऐकू येणाऱ्यांनी ऐकलं तेवढंच खरं!

आई घरी आली. तिला बोलायचं नसलं की ती डोळे मिटून घेते, मग आपण कितीही हात नाचवा. ती डोळे मिटून खुर्चीत बसली. मी तिच्या गुडघ्याला हात लावला, पाय धरले. खूप वेळानं डोळे उघडून तिनं एकच वाक्य म्हटलं.

"तू तिचे हात कापलेस."

आता लिहितेच. खळी काय म्हणाली होती ते पुरतं लिहिते. सगळं आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही विचारता, वेगळं काय होणार. घरात काहीच नाही. मला गजर ऐकू येत नाही, सकाळी ती माझ्या कपाळावर तळवा ठेवते. पुठ्ठे दाबून माझी मनगटं सुजतात. संध्याकाळी ती माझे हात मांडीवर घेऊन बसते. तेवढा वेळ मला बोलता येत नाही, कारण हात हीच माझी जीभ. शाळेत खुणा करू नयेत म्हणून मास्तर माझे हात बांधायचे. अजून कुणी हात धरले की मी घाबरते. फक्त तिच्याकडे मी ते आपण होऊन देते. माझं तिच्यावर प्रेम आहे, बायकोचं नवऱ्यावर असतं तसं. इस्पितळाच्या दारात नातं विचारलं तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हता. तो मला तुमच्याकडून हवा आहे."

हे सोन्यासारखं बोलणं, आणि मी त्याचं केलं काय? मदत. काळजी. सूप.

का केलं? दादा समोर होता म्हणून, असं चार दिवस स्वतःला सांगतेय. पण खोटं कशाला लिहू, तेव्हा मला दादा दिसतच नव्हता. कपाळावरच्या तळव्यापर्यंत मी नीट तिच्यामागून येत होते, वाक्य तोंडात जुळत होतं. ती "हात मांडीवर" म्हणाली आणि माझा आवाज गेला. शेजारी चष्मिष बसली होती, तिच्या चष्म्याची काडी तेवढी कोपऱ्यातून दिसत होती. वाटलं, हे मी "मी" म्हणून बोलले तर घात होईल. कसला घात, ते अजून कळत नाही. एरवी पैलवान झाले, बाळंतीण झाले, तेव्हा कुठं गेला होता हा घात?

नवऱ्याची आठवण आली उगाच. भला माणूस होता. पाहुण्यासारखा राहिला आणि पाहुण्यासारखाच गेला. त्याच्या आजारपणात इस्पितळात मला कुणीच काही विचारलं नाही. बायको म्हटलं, आत सोडलं.

२६ मार्च, बुधवार

दुभाष्यांच्या संस्थेत चष्मिषला गाठलं. पुढच्या महिन्यात तिला तिथं प्रमुख करताहेत. शिकवायच्या खोलीत ती फळा पुसत होती.

"तू मला टोकलं का नाहीस?"

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, मग पुन्हा पुसला.

"तुझा आवाज फाटला होता. तुला असं मी कधी ऐकलं नव्हतं. टोकलं असतं तर तू तिथंच रडली असतीस."

"रडू द्यायचं होतंस."

"मला बघवलं नसतं."

"बघवलं नसतं म्हणून त्या बाईचं बोलणं जाऊ दिलंस? आपण शिकवतो काय पोरांना?"

"तू शिकवतेस तेच," ती चिडली. "मला शहाणपण सांगू नकोस. मी तुझ्यासाठी गप्प बसले."

ती पुन्हा फळा पुसू लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "आता सांगितलं तर दोघींची नावं कोर्टाच्या दुभाष्यांच्या यादीवरून जातील. प्रमुखपद गेलं तर गेलं, त्याचं काही नाही. पण मग आपण जोडीनं कधीच बसणार नाही. ते मला... वकीलबाईंकडे बाकी मुद्दे पुष्कळ आहेत गं. राहू दे."

मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि ती काडी चष्मिषनं दिलेली. घरी येईपर्यंत पुरली. दारात आई उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

२९ मार्च, शनिवार

खळीच्या कारखान्यात गेले. सरसाचा वास, कागदाच्या जुड्या, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र. ती एका जाड पुस्तकाची पानं शिवत होती. मला पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. शिवण अर्ध्यात सोडली तर पानं सुटतात. मी उभी. हात कामात असलेल्या माणसाला "बोल माझ्याशी" म्हणता येत नाही. शेवटची गाठ मारून, दोरा तोडून मगच तिनं सुई ठेवली.

मी सगळं सांगितलं. काय गाळलं, प्रश्न कसा गिळला, सगळं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मंडळातले आले होते. वकीलबाईंना कळवू म्हणत होते. मी म्हटलं, थांबा. ती येईल. तू फार दिवस लावलेस."

"माफ कर."

"माफी घेऊन मी काय करू? इथं का आलीस? इथं मी बोललेच नव्हते. जिथं सांडलंस तिथं भरून दे."

ड्रायव्हरबाई मागच्या खोलीतून काठी टेकत आल्या. त्यांनी तोंडानंच सांगितलं, "रोज दाराकडे बघायची हो ही. मला पुन्हा काही झालं तर भाऊ येणारच. त्यांचंही चुकत नाही, कागदावर बहीण त्यांचीच. पण या वेळी मला परत यायला जमेल असं वाटत नाही." मग खळीकडे वळून त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या खुणांत विचारलं, "चहा हिला? की ब्रेक?"

खळी हसली नाही. पण चहा दिला.

२ एप्रिल, बुधवार

चष्मिषला सांगून मगच वकीलबाईंकडे जाणार होते. तिचं घर बंद. कचेरीच्या जिन्यात पाहते तर पायरीवर बसलेली.

"तू इथं काय करतेस?"

"तू आज येणार हे मला कळत नाही की काय? बोललीस तू चुकीचं, पण गप्प मी बसले. माझं मीच सांगीन. चल."

वकीलबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कपाळ धरून बसल्या. "तुम्हाला कळतंय का, काय झालंय? आता ते म्हणतील, प्रकरण अंगाशी आलं म्हणून मागाहून ठिगळ लावलं. खरं तेच ठिगळ ठरणार."

हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला वाटत होतं, गाळलेलं पुन्हा घातलं की फिटलं.

८ एप्रिल, मंगळवार

न्यायमूर्तींनी परवानगी दिली. चित्रण पडद्यावर लावायचं आणि मी ते पुन्हा, पूर्ण बोलायचं.

सरकारी वकील उठले. "या बाई बहिऱ्या आईवडिलांच्या कन्या आहेत. सहानुभूती असणारच. तेव्हा खरं बोलल्या की आता, हे कोर्टानं कसं ठरवावं?" त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

मग चष्मिषला उभं केलं. न्यायमूर्तींनी विचारलं, "दुसरी दुभाषी म्हणून चूक दाखवणं तुमचं कर्तव्य होतं. तुम्ही गप्प का राहिलात?"

"मला दिसलं, हिला ते 'मी' म्हणून बोलता येत नाहीये. का येत नाहीये तेही मला माहीत होतं. म्हणून गप्प राहिले. चूक माझी आहे."

"कारण काय होतं?"

"ते खासगी आहे."

न्यायमूर्तींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. मला माहीत नसलेलं माझं कारण हिला कसं माहीत? घरी गेल्यावर विचारायचं ठरवलं होतं. धीर झाला नाही.

पडद्यावर खळीचे हात उठले. मी बोलले. "सकाळी ती माझ्या कपाळावर तळवा ठेवते." मी बोलले. "संध्याकाळी ती माझे हात मांडीवर घेऊन बसते." आवाज कापला पण थांबला नाही. "फक्त तिच्याकडे मी ते आपण होऊन देते. माझं तिच्यावर प्रेम आहे." सगळ्या दालनात माझाच आवाज. दादा उठून गेला. खळी पडद्याकडे पाहत नव्हती, माझ्या ओठांकडे पाहत होती, एकेक शब्द मोजून घेतल्यासारखी.

बसल्यावर लक्षात आलं, मनगट ठणकतंय. आज तर मी हात हलवलेही नव्हते.

संध्याकाळी दोघींची नावं कोर्टाच्या यादीवरून काढल्याचं कळवण्यात आलं. संस्थेनंही चष्मिषचं प्रमुखपद दुसऱ्याला दिलं. दादानं मेसेज पाठवला, "घराण्याचं नाव काढलंस." आईला दाखवला. आईनं वाचून विचारलं, "कुठून काढलं? कधी होतं?"

११ ऑगस्ट, सोमवार

पुष्कळ दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. मंडळात पहिले काही आठवडे मी आत गेले की माझ्या बाजूचे हात थांबायचे. आता थांबत नाहीत, पण हळू होतात. चष्मिष आणि मी शाळेच्या मुलांना शिकवतो, वेगवेगळ्या वर्गांत.

आज निकाल. आम्ही मागच्या बाकांवर बसलो, ऐकणाऱ्यांत. खळीसमोर नवा दुभाषी उभा होता. आमचाच शिकवलेला, उन्हाळ्यातही टाय लावतो म्हणून टायवाला.

हरलो. तीन विरुद्ध दोन, एका मतानं. बहुमत म्हणालं, विवाहाची व्याख्या बदलणं कायदेमंडळाचं काम. दोन न्यायमूर्तींनी वेगळं मत लिहिलं, त्यात खळीचे हात होते, मांडी होती, दाराबाहेरचं उभं राहणंही होतं. ऐकताना मला वाटलं, निदान कुठंतरी पोचलं.

मग उजवीकडचे न्यायमूर्ती, तेच मान हलवून लिहून घेणारे, आपलं मत वाचू लागले. "याचिकाकर्तीचं निवेदन हृदयस्पर्शी आहे. मात्र दुभाषींच्या पहिल्या व दुसऱ्या कथनात गंभीर तफावत असल्यामुळे त्या निवेदनाला आम्ही वजन देऊ शकत नाही."

टायवाल्याचे हात हवेत थांबले. त्यानं गर्दीवरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. सोडून देऊ का, बाई? एवढं एक वाक्य. आटोपशीर करू?

केवढा मोह झाला मला! निदान आज तरी खळीला कळलं नसतं की तिचं बोलणं माझ्यामुळे फुकट गेलं. दोन क्षण लागले असतील. मग मी उभी राहिले आणि मागून मोठ्या खुणा केल्या, सगळ्यांना दिसतील अशा. "सांग. जसंच्या तसं."

त्यानं सांगितलं. खळीनं पुरतं पाहून घेतलं, मग मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर ड्रायव्हरबाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या. वकीलबाई फेरविचाराच्या अर्जाबद्दल बोलत होत्या. मी जवळ गेले. काय बोलावं सुचेना, मला, बडबडीला.

खळी म्हणाली, "पुन्हा लढणार. तेव्हा तू नकोस."

"नाही."

"त्या टायवाल्याला मात्र चांगलं शिकवलंस." मग तिनं ड्रायव्हरबाईंचा दंड धरला आणि दोघी एकेक पायरी उतरू लागल्या. त्यांच्या हातात तेवढी काठी. दारात कुणी नातं विचारलं तर दाखवायला आजही काही नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज सुट्टी घेतली आहे. चष्मिष आली. आईनं दार उघडलं, तिला आत घेतलं आणि मला स्वयंपाकघरातून बोलावलं, "तुझी आली."

आज विचारलंच. "आई, तिला खुणेचं नाव आहे. तू ते कधीच का वापरत नाहीस?"

आईनं हात पुसले. "नाव इतरांना सांगायला लागतं. तुला कशाला सांगू?" आणि भाजी चिरायला गेली.

मी चष्मिषसमोर येऊन बसले. म्हटलं, "कोर्टात तू म्हणालीस, कारण तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"मलम पहिल्यांदा आणलं तेव्हापासून. तुझं मनगट तेव्हा दुखतही नव्हतं."

मी खळीचं बोलणं चारचौघांत दोनदा बोलले, एकदा खोटं, एकदा खरं. खोटं बोलले ते तिच्यासाठी नव्हतंच, आणि खरं बोलले तेही सगळं तिचंच नव्हतं. माझ्या भीतीची किंमत त्या दोघी मोजताहेत आणि मी इथं, माझ्या घरात, दार लावून बसले आहे. मला आत सोडलंय. कुणी विचारलंही नाही.

चष्मिषनं मलमाची डबी उघडून ठेवली आहे. उजवा हात मागतेय. आज तो मी आपण होऊन देणार आहे, म्हणून लिहिणं इथं थांबवते.